टिश्यूचं पाकीट टाकून जागा… काय करतात?

गिरणाकाठ
गाव पाचोऱ्याजवळचं, नोकरी सिंगापूरला. जुन्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ऑफिसातल्या गमतींवर लेख पाठवला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘बारा वाजले की एक जण पुढे जातो आणि टिश्यूचं पाकीट टाकून जागा धरतो.’ संपादकांनी त्याचं ‘आसन आरक्षित करतो’ केलं. विचारलं तर म्हणे, ‘धरणे’ म्हटलं की वाचकाला कलेक्टर कचेरीसमोरचा मांडव आठवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : इथे हॉकर सेंटर म्हणून छपराखालची स्वस्त खाण्याची ठिकाणं असतात. जेवणाच्या वेळी आसपासची सगळी ऑफिसं तिथे एकदम उतरतात. आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री नाहीतर गळ्यातलं ओळखपत्र ठेवायचं आणि मग निवांत रांगेत लागायचं. ताट स्वतः उचलून ठेवलं नाही तर २०२१ पासून दंड होऊ शकतो. पाकिटामागे कुठलाच कायदा नाही, तरी त्याला कोणी हात लावत नाही. आमच्या टीममध्ये चिनी, मलाय, तमिळ, फिलिपिनो, एक जपानी आणि मी. एसी किती ठेवायचा यावरसुद्धा एकमत नाही, पण पाकिटाचा मान सगळे राखतात. या प्रकाराला इथे ‘चोप’ म्हणतात. ‘टेबल चोप केलं’ असं मराठीत लिहिलं तर वाचक विचारेल, टेबलाने काय बिघडवलं होतं? तर धरणे, पकडणे, रोखणे, की आणखी काही?

पॅसेंजर_भुसावळ
धरणेच. आरक्षण म्हणजे खिडकीवर फॉर्म भरून, डब्याचा नंबर घेऊन मिळतं ते. सुरत पॅसेंजरला अमळनेरला जागा धरतात, आरक्षित करत नाहीत. तुमचे संपादक बहुतेक कारने फिरतात.

शुद्धमती
संपादकांचा शब्द जड आहे हे मान्य. पण ‘धरणे’ हा त्यावरचा उपाय नाही. ‘जागा राखणे’ असा स्वच्छ मराठी शब्द असताना बोलीकडे का धावायचं? सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आहे. तिच्याबद्दल एसटी स्टँडच्या भाषेत लिहिणार का?

आंडेर_धुळ्याची
एसटी स्टँडच्याच भाषेत लिहावं. ‘राखीव’ हा शब्दही तिथलाच आहे हो! खिडकीवर ‘स्त्रियांसाठी राखीव’ लिहिलेलं असतं आणि खाली एक काका घोरत असतात. राखीव जागा महामंडळ ठेवतं. आपण स्वतःच्या हिमतीवर मिळवतो ती जागा वेगळी. तिला आमच्याकडे ‘रुमाल टाकणे’ म्हणतात. धुळे-शिरपूर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत. ‘रुमाल टाकी दे’ एवढं म्हटलं की पोराला सगळं कळतं. कोणी बसायला आलं की ‘ओ भाऊ, आठे रुमाल शे!’ गिरणाकाठ भाऊ, तुमचं टिश्यू म्हणजे कागदाचा रुमालच झाला ना?

केळीबाग
ताई, खान्देश म्हटलं की लगेच अहिराणी सुरू करू नका. रावेर-यावलकडे आमची लेवा बोली आहे, तिला कोणी विचारत नाही. बाकी रुमालाचं बरोबर आहे. फक्त तो खिशातला नव्हे. तेवढासा रुमाल वाऱ्याने उडतो आणि त्याला कोणी भीक घालत नाही. टाकायचा तो खांद्यावरचा, मोठा. माझे आजोबा तर टोपी टाकायचे. टोपी उचलून बाजूला ठेवायची कोणाची छाती होत नसे.

पॅसेंजर_भुसावळ
आणि ‘पाकीट टाकून’ लिहूच नका भाऊ. आमच्याकडे पाकीट टाकलं तर जागाही जाईल आणि पाकीटही. पुडा म्हणा.

शुद्धमती
पुडा बिस्किटांचा. आणि ज्या रुमालाचा एवढा अभिमान चालला आहे तो फारसी आहे. रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा.

मोडीवाचक
फारसी असला म्हणून काय झालं? पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधलेले, त्या गठ्ठ्यांनाही रुमालच म्हणतात. एवढी वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणायचं नसतं.

मला त्या ‘चोप’मध्ये जास्त रस आहे. मलायमध्ये शिक्क्याला ‘चाप’ म्हणतात, आणि तो आपल्याकडच्या ‘छाप’वरून गेलेला. तोच इंग्रजांच्या तोंडी ‘चॉप’ झाला आणि पूर्वेच्या बंदरांत पसरला. शिक्का मारला की वस्तू आपली, तशी जागा आपली, म्हणून ‘चोप’. म्हणजे भाऊ, तुमचा शब्द मूळचा इथलाच. तिकडे फिरायला गेला आणि बोलणं बिघडवून आला.

गिरणाकाठ
हे भारी आहे. इथे कंपनीच्या शिक्क्याला अजून ‘चॉप’च म्हणतात. कंपनीचा सामाईक शिक्का २०१७ पासून कायद्याने ऐच्छिक झालाय. तरी आमच्या हिशेब विभागातल्या आंटी (इथे वडीलधाऱ्या बाईला कोणीही आंटी म्हणतं) सही बघतच नाहीत. कागद उलटा करतात, सुलटा करतात आणि विचारतात, ‘चॉप कुठाय?’ जपानी सहकारी तर स्वतःच्या नावाचा छोटा शिक्का डबीत घालून फिरतो. दोघांचं मस्त जमतं.

आंडेर_धुळ्याची
त्या आंटींना आमच्या तहसीलमध्ये पाठवा. ‘गोल शिक्का आणा’ म्हणायला शिकल्या की झालं.

शुद्धमती
छाप → चाप → चॉप इथपर्यंत ठीक. पण चॉपचा चोप कसा झाला? ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली असं होत नाही. उद्या कोणी म्हणेल, जागेवरून उठला नाही तर चोप मिळतो म्हणून चोप.

पॅसेंजर_भुसावळ
अहो, तीच खरी आहे. आमच्या पॅसेंजरमध्ये सिद्ध झालेली.

तापीपार
उशिरा आले. मी क्वालालंपूरला होते. एक वेगळीच गंमत सांगते. तिकडे आजारपणाच्या रजेला ‘एमसी’ म्हणतात, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरून. टीममधला एक पन्नाशीचा गृहस्थ सकाळीच ग्रुपवर लिहायचा, ‘आज माझी एमसी आहे.’ आपल्याकडे बायका हा शब्द कसा नि कशासाठी कुजबुजत वापरतात ते बायकांना सांगायला नको. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाप्यालेही व्हस का तठे?’

आणि साध्या रजेला मलायमध्ये ‘चुती’. ही सरळ हिंदीतली छुट्टी आहे. ‘कुंची’ म्हणजे किल्ली, ती आपली कुंजी. ‘दोबी’ म्हणजे धोबी. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, हे लोक नंदुरबारच्या बाजारात बोलतायत आणि मला नीट ऐकू येत नाहीये.

मोडीवाचक
‘कर्जा’ राहिलं. मलायमध्ये कर्जा म्हणजे काम, ‘कार्य’वरून. कर्ज नव्हे.

केळीबाग
आमच्याकडे कर्ज हेच काम आहे. केळीचा भाव बघितला का?

शुद्धमती
छुट्टी हिंदी. मराठीत सुटी, ‘सुटणे’वरून. हल्ली शाळेच्या फळ्यावरसुद्धा सुट्टी असं लिहितात, तो ट हिंदीच्या नादाने दुप्पट झाला आहे.

आंडेर_धुळ्याची
शाळा सुटली की आम्ही ‘सुट्टीऽऽ’ असं ओरडत पळायचो. ‘सुटी’ म्हणून ओरडून बघा, फाटकापर्यंतसुद्धा आवाज जाणार नाही.

शुद्धमती
ओरडण्याची सोय हा प्रमाणलेखनाचा निकष नव्हे.

मलकापूरवाला
तुमच्या शेजारचाच आहे, फक्त जिल्हा बुलढाणा. वरचं सगळं वाचलं. दस्ती हा शब्द कोणीच कसा काढला नाही? आम्ही एसटीत दस्तीच टाकतो. रुमाल बिमाल नाही.

केळीबाग
दस्ती नाक पुसायला. जागेला रुमाल.

मलकापूरवाला
एकच आहे ते. माझा मामा तुमच्या मुक्ताईनगरचा, तोही दस्तीच म्हणतो.

केळीबाग
मामा तुमच्याकडे येऊन-जाऊन बिघडले असतील.

गिरणाकाठ
मंडळी, अंक सोमवारी छापायला जातोय. संपादकांना काय कळवू? ‘रुमाल टाकणे’ लिहिलं तर टिश्यूला रुमाल म्हटलेलं चालेल का?

पॅसेंजर_भुसावळ
भाऊ, जरा थांबा. आधी दस्ती आणि रुमाल एकच का, ते मिटू द्या.

केळीबाग
एकच नाही. दस्तीत एक किलो वांगी बांधून दाखवा.