जबडा मोडला की प्लेट टाकायलाच हवी का?

निवांत:
भाऊ बाईकवरून हनुवटीवर आपटला, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, एक हनुवटीच्या जरा बाजूला आणि एक कानापुढच्या सांध्यापाशी. सर्जन म्हणतात दोन्हीकडे प्लेट, म्हणजे हाडाला स्क्रूने बसवायची टायटॅनियमची पट्टी. माझं मत असं की पूर्वी वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवायचे आणि हाड जुळायचंच ना, मग आता ऊठसूट टायटॅनियम कशाला? बोला.

दंतकथा:
जुळायचं, पण ४ ते ६ आठवडे तोंड बंद, सगळं पातळ करून स्ट्रॉने प्यायचं, वजन उतरतं, दात धड घासता येत नाहीत आणि उलटी झालीच तर तार कापायला कटर उशाशी ठेवायचा. प्लेट असली की तोंड लगेच उघडता येतं. हनुवटीपाशी स्नायू तुकडे खेचत असतात, तिथे प्लेटच, उगाच वाद नको.

खोचक:
वाद हवाच 😀 हनुवटीचं मान्य. पण कानापुढच्या कॉन्डाईलला, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या जबड्याच्या टोकाला, प्लेट लावायची म्हणजे चेहऱ्याच्या नसेला खेटून जायचं, ती दुखावली तर ओठ वाकडा नाहीतर डोळा नीट मिटत नाही, बहुतेकांचं सुधारतं हो काही महिन्यांत, पण तोवर आरशात कोण बघणार? तुकडा फार सरकला नसेल तर वरच्या-खालच्या दातांना रबरबँड आणि तोंड उघडायचे व्यायाम, बास.

दंतकथा:
"फार सरकला नसेल तर" यातच सगळं आलं की! सरकला असेल तर त्या बाजूची उंची कमी होते, मागचे दात आधी टेकतात आणि पुढे फट राहते.

शेंडेफळ:
लहान मुलांचं मात्र वेगळं हं. आमच्या लेकाचा कॉन्डाईल मोडला होता, हाड वाढतं असतं त्यामुळे स्वतःच आकार घेतं म्हणे, ऑपरेशन नाहीच केलं. उलट फार दिवस बांधून ठेवलं तर सांधा जखडतो. रोज दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्यांची चळत सरकवायची आणि जमेल तशी एकेक वाढवायची, तो रडायचा आणि मी पण.

टवाळ:
सगळे खालच्या जबड्यातच अडकलात. फ्रेंच सर्जन रने ल फोर्टने १९०१ मध्येच मृतदेहांवर आघात करून दाखवलंय की चेहऱ्याचा मधला भाग ठरावीक रेषांवर तुटतो. तोही भाग मोडलाय का कळायला भावाला दोन-दोन दिसतंय का, गाल बधिर आहे का, नाकातून पाण्यासारखं गळतंय का ते विचार, आणि तोवर नाक शिंकरू देऊ नको. हेल्मेट कुठलं होतं?

निवांत:
अर्धं, हनुवटी उघडी. तसलं काही नाहीये, फक्त खालचा ओठ बधिर आणि पुढचे दात टेकत नाहीत.

दंतकथा:
अरे मग हे आधी सांगायचं ना राव! दोन्हीकडे प्लेट, सर्जन बरोबर आहेत.

खोचक:
थांबा जरा, हनुवटी मोडल्यावर दात तसेही वाकडेच बसणार. आधी ती जुळवून प्लेट लावू दे, मग ऑपरेशनच्या टेबलावरच दात कसे बसतात बघून कानापुढचं ठरवता येतं, सर्जनला एवढं तरी विचारच.