शब्दचर्चा: ईस्टरच्या संदर्भात ‘नूतनीकरण’ म्हणावं का?

पडवी:
एका कॅथलिक पॅरिशवरचा (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समूहावरचा) लेख मराठीत आणायला घेतला आहे. पॅरिश जुन्या वळणाची, मिस्सा, म्हणजे तिथली मुख्य उपासना, अजून लॅटिनमध्ये होते. लेखाचा विषय ईस्टरचं ‘रिन्यूअल’ आणि त्याभोवतीचं तिथल्या लोकांचं एकत्र जगणं. पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. ‘नूतनीकरण’ लिहिलं की मला वाहन परवाना दिसतो. ‘पुनर्जन्म’, ‘पुनरुज्जीवन’, ‘नवचैतन्य’, ‘कायापालट’ हे सगळे लिहून खोडून झाले. ‘कम्युनिटी लाइफ’ला ‘सहजीवन’ लिहिलं, तर आई म्हणाली, लग्नाच्या पन्नाशीचा लेख आहे का? सुचवा काहीतरी.

शंकासुर:
जीर्णोद्धार. (ह. घ्या.)

अनुस्वार:
आधी ‘पुनर्जन्म’ काढून टाका. त्या शब्दात जुना देह सोडून नवा देह घेणं आहे. ईस्टरची गोष्ट नेमकी उलट आहे: तोच देह, जखमांच्या खुणांसकट, आणि कबर रिकामी. ‘पुनरुज्जीवन’ही नको. बायबलमधल्या मेलेल्या लाजराला येशूने जिवंत केलं ते पुनरुज्जीवन, कारण लाजर पुढे कधीतरी पुन्हा मरणारच होता. ख्रिस्ताबद्दल बोलताना मराठी ख्रिस्ती, कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, ‘पुनरुत्थान’ म्हणतात आणि ते अगदी चोख आहे.

चोख का, तेही सांगतो. ग्रीकमध्ये शब्द आहे ‘अनास्तासिस’. ‘अना’ म्हणजे वर आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. आपल्याकडे उद् + स्थान = उत्थान; संधीत ‘स’ गळतो. ग्रीक ‘स्ता’ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच आदिधातूचे. ज्या कोणी हा शब्द मराठीत रुळवला त्याने भाषांतर केलंच, पण नकळत दोन चुलतभावंडांची गाठही घालून दिली.

शंकासुर:
आणि आपल्या कानालाही तो परका नाही. कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला देवोत्थानी म्हणतातच की. तिथे देव झोपेतून उठतो, इथे मरणातून.

अनुस्वार:
बरोबर. नव्या करारात ‘उठणे’साठी जे दुसरं ग्रीक क्रियापद येतं, ‘एगेइरो’, त्याचा अर्थ ‘जागं करणे’ असाही होतो. म्हणजे झोपेची उपमा तिथेही आहे.

मेणवात:
तुम्हा दोघांचं छान चाललंय, पण पडवीताईंचा प्रश्न बाजूला राहिला. पुनरुत्थान ख्रिस्ताचं. ‘रिन्यूअल’ लोकांचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला विधीमध्ये ठरलेली जागा आहे.

शनिवारी रात्री ईस्टरचा जागरणविधी असतो. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा, चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले आणि ऊदाचे पाच खडे खोचलेले. अंधाऱ्या चर्चमध्ये ती एकटी आत येते आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात. पुढे पाण्याला आशीर्वाद दिला की धर्मगुरू लोकांना तेच प्रश्न विचारतात जे प्रत्येकाच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी विचारले होते. सैतानाचा त्याग करता का? देवावर श्रद्धा ठेवता का? लोक पेटत्या मेणबत्त्या हातात धरून उत्तरं देतात. मग त्यांच्यावर पाणी शिंपडलं जातं. तुमच्या लेखातलं ‘रिन्यूअल’ बहुधा हेच, त्याला आम्ही सर्रास ‘स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण’ म्हणतो. त्यामुळे तुमचा शब्द चुकला असं नाही.

तरीही तुमची कुरकुर मला पटते. परवान्याला मुदत असते. नूतनीकरण केलं नाही तर तो रद्द होतो. स्नानसंस्काराला मुदतच नाही! तो एकदाच होतो, पुसला जात नाही आणि माणूस चाळीस वर्षं चर्चकडे फिरकला नाही तरी पुन्हा करत नाहीत. मग नूतनीकरण कशाचं?

पडवी:
अगदी हेच खटकत होतं, मला सांगता येत नव्हतं. म्हणजे वचन शिळं झालं म्हणून नवं करायचं, असं नाही?

अनुस्वार:
लॅटिन पाठ बघा. क्रियापद ‘रेनोवेमुस’, आपण नवं करू या. कर्म आहे ‘प्रोमिस्सिओनेस’, वचनं. स्नानसंस्कार हे कर्म नाहीच. ‘रेनोवारे’तला ‘नोवुस’ आणि आपला ‘नव’ एकच, त्यामुळे ‘नवीकरण’, ‘नूतनीकरण’ शब्दशः बरोबरच आहेत. फक्त मराठीत त्यांच्यावर कचेरीचा शिक्का बसला. माझा पर्याय: वचनांचा पुनरुच्चार.

मेणवात:
‘मंत्र्यांनी आपल्या भूमिकेचा पुनरुच्चार केला.’ त्यापेक्षा परवाना परवडला.

शंकासुर:
एक गंभीर सूचना करू का? उजळणी.

पडवी:
पाढ्यांची?

शंकासुर:
हो, पाढ्यांचीच. पाढा विसरला म्हणून उजळणी नसते. पाठ असलेलंच मोठ्याने पुन्हा म्हणायचं, सगळ्या वर्गाने एका सुरात. आणि शब्द कुठून आला? उजळणे. तांब्याची भांडी उजळतात, सोनार दागिना उजळून देतो. दागिना तोच असतो, नवा घडवत नाहीत. मेणवातताई म्हणतात तसा स्नानसंस्कार तोच, वचन तेच, त्यावरची पुटं तेवढी निघाली.

अनुस्वार:
शंकासुरराव, आज तुमच्यापुढे हात टेकले. ‘उजळणे’च्या मुळाशी ‘उज्ज्वल’ आहे, म्हणजे उद् + ज्वल्, वर भडकून पेटणं. पुनरुत्थानातला ‘उद्’च इथेही आला. (आणि माझ्या बिचाऱ्या ‘पुनरुच्चारा’तही तो आहे, पण असो.)

मेणवात:
पेटत्या मेणबत्त्या हातात धरून केलेली उजळणी! मला हा शब्द मिळाला, तुम्ही लेखात घ्या किंवा घेऊ नका. फक्त एक धोका सांगते. विधीचं नाव म्हणून तो चालणार नाही, प्रार्थनेच्या पुस्तकात जे छापलंय त्याला तुम्ही हात लावू नका. लेखात एकदा रूढ नाव द्या आणि नंतर उजळणी म्हणत राहा. शाळकरी वाटेल अशीही कोणी तक्रार करील. करू दे.

अवांतर: हा वचनांचा भाग जुना वाटतो, पण जागरणविधीत तो आला 1951 मध्ये, बाराव्या पायस पोपनी तो विधी नव्याने लावला तेव्हा. त्याआधी कित्येक शतकं हा ‘रात्रीचा’ विधी शनिवारी सकाळीच उरकत. ‘हीच ती रात्र’ असं पुन्हा पुन्हा म्हणणारं स्तोत्र लख्ख उन्हात गायचे! 1951 मध्ये तो परत रात्री आला आणि 1956 पासून सगळीकडे लागू झाला. तुमच्या लेखातल्या लोकांसाठी आणखी एक गंमत: बाकी सगळा विधी लॅटिनमध्ये असतानाही वचनांचा हा भाग लोकांच्या भाषेत घ्यायला तेव्हाच मुभा दिली होती. वचन देणाऱ्याला आपण काय बोलतोय ते कळायला हवं ना.

पडवी:
हे लेखात आहे, पण लेखकाने ओझरतं म्हटलंय. मी थोडं ठळक करीन. आता दुसरा प्रश्न. ‘कम्युनिटी लाइफ’.

अनुस्वार:
‘सामुदायिक जीवन’ म्हटलं की सामुदायिक विवाह आठवतात. ‘समाजजीवन’ फार मोठं. मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘एक्लेसिया’ला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, ‘मंडळी’ म्हटलंय. शब्द गोड आहे.

शंकासुर:
जुन्या मराठीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. पडवीताईंच्या आईंचा संशय पक्का होईल.

मेणवात:
शिवाय ‘मंडळी’ प्रोटेस्टंट वळणाचा आहे. कॅथलिक बोलण्यात ‘पॅरिश’ किंवा ‘धर्मग्राम’, आणि अनेक धर्मग्राम मिळून ‘धर्मप्रांत’.

पण मला वाटतं तुम्ही नाम शोधताय म्हणून अडताय. त्या विधीचं व्याकरण बघा ना. स्नानसंस्कारात प्रश्न एकवचनी असतो. त्याग करतोस का? उत्तर ‘अब्रेनुन्तिओ’, मी त्याग करतो. तान्ह्या बाळाच्या वतीने त्याचे धर्म-आईबाप तेही एकवचनातच सांगतात. ईस्टरच्या रात्री, पायस पोपच्या त्या जुन्या पाठात, तोच प्रश्न अनेकवचनी होतो आणि उत्तर येतं ‘अब्रेनुन्तिआमुस’. आम्ही त्याग करतो. ‘क्रेदिमुस’. आम्ही श्रद्धा ठेवतो. ज्याने त्याने एकट्याने, आणि बहुतेकांनी दुसऱ्याच्या तोंडून दिलेलं वचन वर्षातून एकदा सगळी पॅरिश मिळून देते. तुमचं ‘कम्युनिटी लाइफ’ मला तरी त्या ‘मी’चा ‘आम्ही’ होण्यात दिसतं. चहापान आणि सहल नंतर.

अनुस्वार:
आणि हे मराठीत लॅटिनपेक्षा बारीक दाखवता येतं. लॅटिनला एकच ‘आम्ही’. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. धर्मगुरू सुरुवातीला म्हणतात ‘रेनोवेमुस’. तिथे ते स्वतःही त्यात आहेत, म्हणून ‘आपण’. मग ते विचारणारे होतात, उत्तर देणारे लोक, म्हणून ‘आम्ही’. लॅटिन पाठात न दिसणारी रेघ मराठीत आपोआप उमटते. भाषांतरात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची सरमिसळ होऊ देऊ नका.

पडवी:
यावर मी आजवर लक्षच दिलं नव्हतं. माझ्या मसुद्यात दोन्हीकडे ‘आपण’ आहे! बदलते. ‘पॅरिश’ तशीच ठेवू की ‘धर्मग्राम’?

अनुस्वार:
‘धर्मग्राम’ अर्थाला धरून आहे, पण मुळाशी उलटा आहे. ग्रीक ‘पारोइकिया’: ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा ‘ओइकोस’ संस्कृत ‘वेश’चा, म्हणजे ‘प्रवेश’, ‘निवेश’मधल्या ‘विश्’चा नातलग. पारोइकिया म्हणजे दुसऱ्याच्या गावात परक्यासारखं राहणं. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हा शब्द ख्रिस्ती लोकांच्या पृथ्वीवरच्या मुक्कामाला लावलाय. म्हणजे पॅरिश ही मुळात उपऱ्यांची वस्ती. मराठीने तिला गाव करून टाकलं.

शंकासुर:
उपरे चार पिढ्या राहिले की गावच होतं.

मेणवात:
आणि ते गाव बांधलं गेलं त्याला ईस्टरचाही हात होता. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, नियम केला: कळत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं, तेही आपल्या स्वतःच्या धर्मगुरूपाशी, आणि निदान ईस्टरला तरी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) स्वीकारायचं. ‘स्वतःचा धर्मगुरू’ म्हटल्यावर प्रत्येकाला आपली पॅरिश कोणती ते ठाऊक असणं आलंच. वर्षातून एकदा सगळ्यांनी एकाच ठिकाणी यायचं ते ईस्टरला. लेखात ‘ईस्टर ड्यूटी’ असेल तर ते हेच. ‘ईस्टरची बांधिलकी’ म्हणा, ‘ड्यूटी’ म्हटलं की पाळी लावल्यासारखं वाटतं.

पडवी:
आहे! मी ‘ईस्टरचं कर्तव्य’ लिहिलं होतं. ‘बांधिलकी’ घेते. धर्मगुरू ईस्टरनंतर घरोघरी जाऊन पवित्र पाणी शिंपडतात, असंही लेखात आहे. त्याला काय म्हणू?

मेणवात:
‘घरांना आशीर्वाद’. सोपं ठेवा. आणि लेखात ‘विदि आक्वाम’ आलं असेल तर ते रविवारच्या मोठ्या मिस्सेआधी पाणी शिंपडताना गायचं पद, फक्त ईस्टरच्या काळातलं. एरवी त्या जागी ‘आस्पेर्जेस’ असतं. शब्द लॅटिनच राहू द्या, पुढे एका वाक्यात सांगा.

शंकासुर:
माझा एक भाबडा प्रश्न. ‘ईस्टर’ला मराठी शब्दच नाही का?

अनुस्वार:
‘पुनरुत्थानाचा सण’ आहे. कॅथलिकांत ‘पास्का’ चालतो. तो हिब्रू ‘पेसाख’वरून ग्रीकमार्गे आला; इटालियन ‘पास्क्वा’, पोर्तुगीज ‘पास्कोआ’ त्याच घरातले. ज्यूंच्या मूळ सणाला मराठी बायबलमध्ये ‘वल्हांडण’ म्हणतात. ‘वल्हांडणे’ म्हणजे ओलांडणे. लोकांना वाटतं त्यात वल्हं आहे, तसं नाही. इजिप्तमध्ये रक्ताची खूण असलेली घरं देव ओलांडून गेला, तेच वल्हांडण.

‘ईस्टर’ची कथा वेगळी. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्लिश मठवासीयाने त्याचा संबंध ‘एओस्त्रे’ नावाच्या देवीशी जोडला. त्या देवीबद्दल वाद असतील, धातूबद्दल नाही: पहाट, पूर्व, आणि आपली ‘उषस्’ त्याच कुळातल्या. तेव्हा शंकासुरराव, मराठी शब्द नसला तरी मराठी आत्या आहे.

पडवी:
शेवटचा प्रश्न. ‘ट्रॅडिशनल पॅरिश’ला ‘पारंपरिक पॅरिश’ म्हटलं की नऊवारी आणि फेटे डोळ्यांसमोर येतात.

मेणवात:
इथे शब्दापेक्षा माहिती द्या. ‘1962 च्या मिस्साग्रंथाप्रमाणे उपासना करणारी पॅरिश’ असं एकदा स्पष्ट लिहा, पुढे ‘जुन्या विधीची पॅरिश’ पुरे. ‘परंपरानिष्ठ’ टाळा, त्यात बाकीचे निष्ठावंत नाहीत असा वास येतो. हा विषय नाजूक आहे. 2007 मध्ये सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी जुन्या विधीला बरीच मोकळीक दिली आणि 2021 मध्ये फ्रान्सिस पोपनी ती आवळली, अशा विधीसाठी नव्या व्यक्तिगत पॅरिश (वस्तीवरून नव्हे, खास गटासाठीच्या) काढू नयेत असंही बिशपांना सांगितलं. तुमच्या विशेषणाने कोणाची बाजू घेतली जाऊ नये.

पडवी:
सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद आता असा झालाय:

‘मध्यरात्रीच्या सुमारास धर्मगुरू विचारतात आणि हातात पेटत्या मेणबत्त्या धरलेली माणसं एका आवाजात सांगतात, आम्ही श्रद्धा ठेवतो. विधीच्या पुस्तकात याला स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण म्हटलं आहे. खरं तर ती उजळणी असते: प्रत्येकाचं एकट्याचं वचन, सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हटलेलं.’

अनुस्वार:
उत्तम. ‘खरं तर’ काढा. पुस्तक खोटं बोलतंय असं वाटतं.

पडवी:
काढलं.