वीस बाय तीसच्या प्लॉटवर चौक सोडावा की खोली वाढवावी?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्यातल्या शहरांच्या कडेला गुंठेवारीत पाडलेल्या प्लॉटांमध्ये वीस फूट रुंद आणि तीस फूट खोल हे माप वारंवार आढळते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे रस्ता आणि मागे बहुधा दुसऱ्या घराची पाठ. या सहाशे चौरस फुटांवर उभ्या राहणाऱ्या घराचा नकाशाही ठरलेलाच असतो: पुढे हॉल, मध्ये खोली, मागे स्वयंपाकघर, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि पुढचे दार लावले की हवा जागच्या जागी थांबते.

माझे म्हणणे असे आहे की या घराच्या मध्यावर, एका बाजूच्या भिंतीला लागून, आठ बाय आठचा चौक उघडा सोडावा. सहाशेतले चौसष्ट फूट म्हणजे दहा-अकरा टक्के जागा जाते, पण तिन्ही खोल्यांना स्वतःची खिडकी मिळते. खोली कोंदट वाटते ती केवळ चौरस फूट कमी असल्यामुळे नव्हे, तर नजर चारही बाजूंना लगेच भिंतीवर आदळते म्हणून. पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाला चौकापलीकडची मागची भिंत दिसू लागली, की नजरेला पंचवीस फुटांचा पल्ला मिळतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पूर्ण भिंतीऐवजी कमरेइतकी भिंत ठेवली, तर तोच परिणाम आणखी वाढतो. छताची उंचीही नऊऐवजी दहा फूट ठेवावी. पंधरा बाय अठराच्या खोलीला नऊ इंची भिंतीत त्यासाठी सुमारे ५० घनफूट वीटकाम जास्त लागते, एवढाच तो खर्च.

हे स्वप्नरंजन नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात वसाहत रचली, तेव्हा ४५ ते ७५ चौरस मीटरच्या प्लॉटवरही प्रत्येक घराला स्वतःचे उघडे अंगण दिले. आपला वीस बाय तीसचा प्लॉट सुमारे ५६ चौरस मीटरचा, म्हणजे त्याच मापातला आहे.

बांधकाम ठेकेदार, परभणी

सर, आपला विचार वाचायला चांगला वाटला, परंतु घर बांधून घेणारा माणूस काय हिशेब करतो तो यात आलेला नाही. त्याच्या दृष्टीने प्लॉटचा पैसा आधीच गेलेला असतो आणि प्रत्येक फूट त्याने कर्जातून विकत घेतलेला असतो. आज दोन खोल्या, मुलाच्या लग्नापर्यंत वर दोन आणि त्यातली एक भाड्याने, असा तो वीस वर्षांचा विचार करतो. भाड्याची खोली कर्जाच्या हप्त्याला हातभार लावते. चौक लावत नाही.

शिवाय चौक सोडला म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. स्लॅबला मध्येच भोक पडले की कडेने बीम द्यावे लागतात, सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅब ओतताना खाली द्यायच्या तात्पुरत्या आधाराचे काम किचकट होते आणि चौकात उघडणाऱ्या भिंतींना बाहेरच्यासारखा गिलावा आणि रंग लागतो. वरून चोर, मांजर आणि धूळ येते ती निराळीच. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा आठ बाय आठच्या चौकाची फरशी तापते आणि ती धग तिन्ही खोल्यांत शिरते. वर मजला चढला की त्याच चौकाची विहीर होते.

मी पाहिलेल्या अशा बहुतेक चौकांवर मालकाने पुढे पत्रा टाकला. मग ती जागा ना खोली राहते ना अंगण. बेलापूरचे उदाहरण आपण दिले आहे, पण तिथेही अनेक मूळ बैठी घरे पाडून त्या जागी मजल्यांची घरे उभी राहिली आहेत, हेही सांगायला हवे.

उंचीबाबतही माझे मत वेगळे आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली उष्णता सोडतो. त्याला एक फूट वर नेल्याने झोपणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. तोच पैसा गच्चीवर चुन्याचा पांढरा थर देण्यात किंवा उष्णता अडवणारा चिनीमातीच्या फुटक्या फरशांचा गिलावा करण्यात घालावा.

वाचक, लातूर

चौक नको असेल तर दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातच मोठी खिडकी द्यावी. मासिकांमध्ये अशा खिडक्यांमुळे लहान खोल्याही दुप्पट दिसतात.

स्थापत्य अभियंता, औसा

कोपऱ्यातली खिडकी निदान भारवाही भिंतींच्या, म्हणजे छताचा भार भिंतीच पेलतात अशा घरात तरी देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भूकंपात भिंती आधी कोपऱ्यातच एकमेकींपासून सुटतात, म्हणून दारे-खिडक्या कोपऱ्यापासून लांब ठेवणे आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा देणे हा साधा नियम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापूर्वी आमचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. किल्लारी परिसरातली जुनी घरे ऐसपैस होती, त्यांना ढाळज (प्रवेशाजवळची बैठकीची जागा), चौक आणि माजघर होते, पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा माळवदाचा, म्हणजे लाकडांवर माती पसरलेल्या सपाट छताचा भार यांनीच माणसे गाडली. जुन्या घराचे गुणगान करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणानुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. अडीचशे फुटांत कुटुंब मावेना, तेव्हा लोकांनी आतली रचना बदलली नाही. घरापुढे ओटा घातला, पत्र्याची शेड टाकली, चूल बाहेर नेली. खेड्यात जागा मोकळी असते, त्यामुळे तिथे प्रशस्तपणा घराच्या बाहेर शोधावा, असे माझे मत झाले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट क्षेत्र आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरलेले आहे. त्यात चौकाची चर्चाच होऊ शकत नाही.

तिथे उपयोगी पडते ते भिंतीची जाडी कमी करणे. बाहेरून वीस बाय सोळाच्या घराला नऊ इंची भिंती घातल्या तर आत २६८ चौरस फूट उरतात. आरसीसीचा, म्हणजे सळईच्या काँक्रीटच्या खांब-तुळयांचा सांगाडा करून सहा इंची ब्लॉक वापरले तर २८५. सतरा फूट म्हणजे जवळपास एक न्हाणीघर. फक्त पश्चिमेची भिंत जाड ठेवावी, कारण दुपारनंतरचे ऊन तीच सोसते.

निवृत्त शिक्षिका, नांदेड

आतापर्यंतच्या चर्चेत घरात वस्तू असतात हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. वर्षभराच्या गव्हा-ज्वारीच्या कोठ्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या, लग्नात आलेली भांडी आणि पाण्याचे ड्रम यांना जागा दिल्याशिवाय नजरेचा पल्ला कितीही मोजला, तरी तो पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो. माझ्या मते जमीन मोकळी दिसली की घर मोठे वाटते. त्यासाठी दारावरच्या उंचीवर सलग माळा हवा, भिंतीत फडताळे हवीत आणि दिवाणाच्या पोटात जागा हवी. अभियंता महोदयांना सतरा फूट वाचवायचे आहेत, पण नऊ इंची भिंतीतच साडेचार इंच खोल फडताळ निघते आणि त्यात मसाल्याच्या बरण्यांपासून औषधांपर्यंत सगळे बसते. सहा इंची भिंतीला पुढे कपाट लावले की वाचवलेली जागा तिथेच संपते.

कमरेइतक्या भिंतीच्या स्वयंपाकघराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मिरचीची फोडणी पडली की सगळे घर ठसकते, आणि पुढच्या खोलीत पुरुष मंडळी बसलेली असताना आतल्या बाईला चार भिंतींचा आडोसा हवा असतो. ही रीत बदलायला हवी, हे मीही म्हणते. परंतु ती घराच्या नकाशाने बदलायची असेल तर निदान त्या बाईला आधी विचारावे. चौक असावा असे मला वाटते ते याच कारणाने. पुढच्या ओट्यावर बसले की येणारे-जाणारे बघतात. चौकात मात्र धान्य निवडताना आकाश दिसते आणि कोणी पाहत नाही.

धागाकर्ता

ताई, ड्रमांचा मुद्दा आपण काढलात हे बरे झाले, कारण चौकाच्या बाजूने सर्वांत मोठे कारण माझ्या मते पाणी हेच आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणे आमच्या शहराच्याही अंगवळणी पडले आहे. त्यामुळे प्रत्येक लहान घरात चार-पाच ड्रम उभे असतात आणि दर ड्रम सुमारे चार चौरस फूट जमीन अडवतो. चौकाखाली आतून सात बाय सात आणि पाच फूट खोल हौद बांधला, तर त्यात सुमारे ६,९०० लिटर पाणी मावते आणि घरातले ड्रम जातात. पाचशे फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी त्याच हौदाकडे वळवता येते. उन्हाळ्यात वर भाजीवाले वापरतात तशी हिरवी शेडनेट आणि बारा महिने लोखंडी जाळी, एवढ्याने चोर, मांजर आणि ऊन या तिन्ही तक्रारी पुष्कळ कमी होतात.

बांधकाम ठेकेदार, परभणी

हौद मान्य आहे, पण तो ओट्याखालीही होतो. त्यासाठी चौक लागत नाही. उजेडाचा प्रश्न मी जिन्याने सोडवतो. जिना तर प्रत्येक घराला लागतोच. तो मधल्या खोलीला लागून घ्यावा आणि गच्चीवरच्या त्याच्या टोपीला चारही बाजूंनी झडपा द्याव्यात. तापलेली हवा वर निघून जाते, मधल्या खोलीत उजेड उतरतो आणि एक फूटही वाया जात नाही.

निवृत्त शिक्षिका, नांदेड

दादा, मग वरच्या खोलीत आपण ठेवलेला तो भाडेकरू रोज रात्री आमच्या मधल्या खोलीतून वर जाणार का?