अनुभव धागा: ‘अस्सं सासर द्वाड बाई’ – भोंडल्याच्या फेरात भेटलेली मोठं होण्याची भीती

घट बसायला थोडेच दिवस राहिलेत. काल माळ्यावरून पाट काढला, धुऊन उन्हात ठेवला आणि पुसता पुसता सवयीनं गुणगुणायला लागले. ‘अक्कण माती चिक्कण माती, अश्शी माती सुरेख बाई, जातं ते रोवावं.’ पुढचं तुम्हाला पाठच असेल. जात्यावर सपिटी दळायची, सपिटीच्या करंज्या करायच्या, त्या तबकात ठेवून शेल्यानं झाकायच्या आणि पालखीतून माहेरी धाडायच्या. मग येतं, ‘अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं. अस्सं सासर द्वाड बाई, कोंडू कोंडू मारतं.’

हातातलं फडकं तिथंच थांबलं. चाळीस वर्षं हे गाणं म्हणतेय, पण माहेराची एवढी एकच खूण त्यात सांगितलीय हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आईची माया नाही, वडिलांचे लाड नाहीत, गोडधोड नाही. फक्त खेळायला मिळतं. ज्या पोरीच्या मनातून हे गाणं आलं, तिचं खेळण्याचं वय सरलेलं नसणार. पहिलं गाणं काढतो त्यातसुद्धा गणेशदेवाकडे मागणं तेवढंच असतं, ‘माझा खेळ मांडू दे.’

आणि तिचं वय खरंच तेवढं असायचं. १८९१ साली संमतिवयाचा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा, कायदा झाला तो १० चं वय १२ वर नेण्यासाठी, आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं. ते १८ व्हायला १९७८ उजाडलं. आपण खिरापतीची वाट बघत, टाळ्या पिटत जे म्हणत आलो, ते अशा पोरींचं भय आहे असं मला वाटतं.

भोंडला म्हणा, हादगा म्हणा, भुलाबाई म्हणा. या गाण्यांतली कुठली ओळ तुम्हाला कधी अचानक खरी वाटली? मोठं होण्याची धास्ती त्यातून पहिल्यांदा कधी जाणवली? लहान-मोठं जे असेल ते लिहा. घरात आजी, पणजी असेल तर तिला विचारून तिचंही लिहा.

सांगलीची लेक

आमच्याकडं हादगा सोळा दिवसांचा. सोप्यात भिंतीवर समोरासमोर सोंड उचललेल्या हत्तींचं चित्र, त्याला फळांच्या माळा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तसं वाढत जायचं. माळा ओवायचं काम माझं. कवंडळं, कारली, पेरू, भेंड्या, मिळेल ते दाभणानं ओवायचं.

सातवीत होते त्या वर्षी नवव्या दिवशी सकाळी मला ‘कावळा शिवला’. पहिल्यांदाच. आईनं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, कपड्याच्या घड्या हातात दिल्या आणि म्हणाली, “चार दिवस हादग्याला हात लावू नको. माळसुद्धा नको.” संध्याकाळी मैत्रिणी आल्या. मी बाहेर कट्ट्यावर बसून होते. कुणी विचारलं की आई सांगायची, “तिला बरं नाही.” मोठ्या पोरींना कळत होतं. त्या माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

आतून गाणी सुरू झाली. नऊ गाणी. दारातून मला फक्त फिरणारे पाय दिसत होते, परकरांचे घेर आणि पैंजण. आदल्या दिवशी ओवलेली माळ सुकली होती, आणि त्यात मधेच एक कारलं पिवळं पडून उकललं होतं. आतलं लाल बी दिसत होतं. ‘कोंडू कोंडू मारतं’ ऐकू आलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे माझं चाललंय. अजून सासर नाही, काही नाही, माझ्याच घरात आहे, पण खेळातून काढलं. खिरापत आईनं कट्ट्यावर आणून दिली, वरून, हात न लावता. वाटली डाळ होती. आजही वाटल्या डाळीचा घास घेताना तो कट्टा आठवतो.

माझ्या मुलीच्या वेळी मी हे काही पाळलं नाही. त्याच दिवशी तिच्याकडून माळ ओवून घेतली. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

खिरापतवाली, पुणे

मला खरंच कधी भीती वाटली नाही. आमच्या सोसायटीत नऊ दिवस नऊ घरी भोंडला असायचा आणि डोक्यात एकच विचार, आज डब्यात काय. गाण्यातली सासू गोष्टीतल्या राक्षसासारखी वाटायची, खोटी आणि मजेशीर. सगळ्यांनाच त्यात दुःख दिसलं असेल असं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

धागाकर्ती

बरं झालं लिहिलंत. मीही त्यातलीच होते, म्हणून तर एवढी वर्षं लागली. पण ‘श्रीकांता कमलकांता’ आठवून बघा. वेड्याच्या बायकोनं करंज्या केल्या, त्यानं होडी होडी म्हणून पाण्यात सोडल्या, इथवर हसू येतंच. पण बायको झोपलेली असते तेव्हा? ‘मेली मेली म्हणून त्याने जाळून टाकलं.’ आम्ही या कडव्याला सगळ्यात जास्त हसायचो. ते हसू आठवलं की आता अंगावर काटा येतो.

वऱ्हाडातली

आमच्याकडे भुलाबाई. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडायचे, टिपऱ्या घेऊन रोज संध्याकाळी घरोघर जायचं आणि डबा वाजवून खाऊ ओळखायचा.

‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा’ हे गाणं सगळीकडेच आहे. वेल लावला, मग कारलं येऊ दे, मग भाजी होऊ दे, मग खाऊन होऊ दे. सून बिचारी दर वेळी विचारतेच, आता तरी जाऊ का? मला या गाण्याच्या शेवटाबद्दल लिहायचंय. आमच्या आळीत शेवट होता, ‘आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.’ दहावीनंतर शिकायला मामाकडे दुसऱ्या गावी गेले. तिथल्या पोरींनी शेवटाला काठी आणली. काठी पाठीत बसली आणि राणी माहेर विसरली. मी एकटीच फणी म्हणत राहिले. एक पोरगी म्हणाली, “तुझं चुकलं.” मी म्हटलं, “नाही, आमच्याकडे जाऊ देतात.” त्या रात्री मामीजवळ झोपले आणि खूप रडले. माझ्या गावी जिला जाऊ देतात, तिला इथे मारतात. मोठं झाल्यावर आपल्याला कुठल्या गावचं गाणं मिळणार, हे आधी कुणीच सांगत नाही.

ताईचा भाऊ

मुलगा असून लिहितोय. आम्हा भावांचं काम पायरीवर बसून खिरापतीची वाट बघणं. गाणी मात्र सगळी पाठ.

‘अरडी गं बाई परडी’ माझं आवडतं. दारात सासरचं एकेक माणूस तिला न्यायला मूळ घेऊन येतं, सासरा पाटल्या आणतो, आणि ती म्हणते पाटल्या मी घेत नाही, सांगा मी येत नाही. मग ‘चारी दरवाजे लावा गं बाई, झिपरं कुत्रं सोडा गं बाई सोडा.’ हे सोडा म्हणताना आम्ही पायरीवरून भुंकायचो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांचा. पहिल्या दिवाळसणाला ती आठ दिवस राहिली आणि मग तिचे सासरे न्यायला आले. आई चहा टाकायला आत गेली, ताई बॅग भरत होती. मी पुढचं दार लावलं, वरची कडी पोहोचेना म्हणून स्टूल घेतलं. मग मागच्या दारानं जाऊन आमच्या वाघ्याला सोडला. तो काही झिपरा नव्हता, पण भुंकायचा जबरदस्त. सासरे अंगणात पिशवी पुढे धरून उभे.

मला वाटलं होतं ताई खूश होईल. ती धावत बाहेर आली, वाघ्याला पट्ट्याला धरून ओढत नेला आणि स्वतःच्या हातानं साखळीला बांधला. मला रागावली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, पण तिचे हात थरथरत होते. गाण्यात शेवटी नवरा येतो तेव्हा कुत्रं बांधायला सांगतात, ते मला ठाऊक होतं. पण ते ताईनंच बांधावं हे मला सहन झालं नाही. त्यानंतर मी पायरीवर बसलो नाही.

लंडनजवळून

इथल्या मंडळात दरवर्षी हॉल घेऊन भोंडला होतो, शनिवार बघून. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं गाडीत विचारलं, “द्वाड म्हणजे?” सांगितलं. “आणि कोंडू?” तेही सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाली, “मग मोठं झाल्यावर तिथे जायचंच कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. माझ्या आईलाही सुचलं नसतं.

बीड जिल्ह्यातली शिक्षिका

मी ऊसतोड कामगारांच्या गावात शिकवते. शाळेत आम्ही नवरात्रात भोंडला घेतो. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या यायला लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे अर्धा वर्ग आईबापांबरोबर कारखान्यावर जातो. म्हणजे शेवटचं गाणं म्हणायचं आणि बिऱ्हाड बांधायचं.

तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. त्यामुळे लेकरांची लग्नं लवकर उरकतात. कायद्यानं १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी. आठवीतली एक मुलगी फार छान गायची, फेराच्या मधे उभी राहून गाणी काढायची. एका वर्षी तिनं मला हळूच विचारलं, “बाई, पुढच्या वर्षी मी असन का?” मला वाटलं, शाळा बदलतेय. तिच्या म्हणण्याचा अर्थ मला जानेवारीत कळला, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

तेव्हापासून मी १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवते, आणि भोंडल्याच्या दिवशी पोरींकडून पाठ करून घेते. गाणं म्हणून झालं की एकेकीला बाजूला घेऊन विचारते, घरात काय चाललंय. दोन लग्नं अशी थांबली. एक थांबलं नाही.

आजीची नात (आजी ९१ वर्षांची, सांगत गेली तसं टाइप केलंय)

माझं लग्न झालं तेव्हा मला तेरावं होतं. कायद्यात चौदा लागायचं, म्हणून चौदाच सांगितलं. सासर वाईजवळ. श्रावणात आले आणि हस्त लागला तेव्हा शेजारच्या वाड्यात पोरींचा हादगा सुरू झाला. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. गाणी सगळी माझ्या गावचीच, एखादा शब्द इकडचा तिकडे. भाकरी थापता थापता माझा हात त्यांच्या ठेक्यात पडायला लागला. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, “ऊठ. हात धू. हे शेंगदाण्याचे लाडू घे आणि जा, एक फेर घालून ये.” मला खरं वाटेना. मी लुगडं नेसलेली, त्या पोरी परकरातल्या. कुणी हात देईल की नाही कळेना. एकीनं दिला. मग मी फिरले, खूप फिरले, लुगडं पायात यायला लागलं म्हणून वर खोचलं. सासूबाई मागोमाग येऊन फाटकापाशी उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. तेवढ्यात ‘अस्सं सासर द्वाड बाई’ आलं. सगळ्या मोठ्यानं ओरडल्या. मी तेवढी एक ओळ तोंड मिटून घेतलं. त्या फाटकापाशी हसत होत्या.