फळीवर वाटलेलं पत्रक नेमकं कोणाचं?

धानाचा बांध (कुरखेडा, जि. गडचिरोली):
विडीला लागणारा तेंदूपत्ता जिथे मोजून घेतात, त्या फळीवर कोणीतरी पत्रकं वाटून गेलं. "विडीवर नियम कडक झाले तर पानं तोडणारे उपाशी मरतील, तंबाखूने कॅन्सर होतो हे भारतात सिद्धच नाही." खाली मजुरांच्या नावाची संघटना, पण सही एकाही मजुराची नाही.
ही चाल जुनी आहे. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध 1950 मध्ये अभ्यासांतून दिसला. तेव्हा 4 जानेवारी 1954 ला अमेरिकी कंपन्यांनी 400 हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन स्वतःची संशोधन समिती काढली. वाद मिटू द्यायचा नाही, हेच तिचं काम. 1969 च्या एका कंपनीच्या टिपणात तर सरळ लिहिलंय, शंका हाच आपला माल. 1984 मध्ये तंबाखू शेतकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिच्यामागे सिगारेट कंपन्यांचा पैसा होता, हे त्यांच्याच कागदांतून पुढे उघड झालं.

पुडकेवाला:
भाऊ, अमेरिकेचं राहू द्या. पहाटे अंधारात जंगलात जायचं, दुपारभर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, त्या पैशावर आमचं खत-बियाणं येते. पत्रक कोणीही छापो, पोटाची गोष्ट खरी आहे. आणि तंबाखूविरोधी संस्थांना पैसा कोणी देतच नाही काय?

आरमोरीची ताई:
देतात, आणि तोही विचारलाच पाहिजे. पण देणाऱ्याचं नाव लपवलंय का, आणि निकालावर त्याचा धंदा चालतो का, हे पाहा. भारतीय अभ्यास नाहीत असं 2015 मध्ये पाकिटावरच्या इशाऱ्याचा नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्षही म्हणाले होते. त्याच समितीत विडीचा मोठा धंदा असलेले खासदार होते. पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारा इशारा लांबला, तो 1 एप्रिल 2016 ला लागू झाला. इकडे पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाऊन पोरांचं तोंड उघडत नाही, दोन बोटंही आत जात नाहीत. त्यांना अजून कोणता पुरावा दाखवायचा?

पुडकेवाला:
खर्रा वेगळा, विडी वेगळी. त्यात तेंदूचं पान नसते.

धानाचा बांध:
तंबाखू दोन्हीत आहे, दादा. आणि पोटाचंच बोलायचं तर ग्रामसभेत बोलू. आपल्याकडे कितीतरी ग्रामसभा पानाचा लिलाव स्वतः करतात, तिथल्या ठरावावर सह्या आपल्या असतात. त्या पत्रकात पुडक्याचा भाव वाढवा अशी एक ओळ तरी आहे का?

पुडकेवाला:
नाही, ते खरं. पण उद्या विडीच खपली नाही तर लिलावाला ठेकेदार काहून येईल? याचं उत्तर तुमच्यापैकी कोणीच देत नाही.