तुमच्याकडे वेळ कशी कळते? अनुभव लिहा

माझ्यापासून सुरू करते. डोंबिवलीत ८.१३ ची फास्ट म्हणजे ८.१३, ती चुकली की अख्खा दिवस मागे पडल्यासारखं होतं. आणि तीच मी माहेरी देवरुखला गेले की "दुपारची एसटी गेली की निघू" एवढ्यावर भागतं, घड्याळ पर्समधे. तुमच्याकडे काय?

*

आम्ही लालबागचे. घरात घड्याळ होतं, पण आई ते बघायची नाही, गिरणीचा भोंगा झाला की भात चढायचा. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, भोंगे थांबले, भर दुपारी बाबा घरात, शेजारचे काका घरात, ती दुपार संपायचीच नाही हो. आजोबा तर जुना "मुंबई टाइम" सांगायचे, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत चालला म्हणे तो.

*

जोरहाटला चहाच्या मळ्यात नोकरी. इथे "बागान टाइम", बाकी भारताच्या एक तास पुढे. बरोबरच आहे, जूनमधे साडेचारच्या आत उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारला सूर्य गेलेला. संध्याकाळी सातला पुण्याहून आईचा फोन येतो, तिची आत्ताशी दिवेलागण, इकडे आमची जेवणं उरकलेली.

*

नॉर्वे, ट्रॉम्सो. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड, बास. मी नुसती झोपून असायचे. उन्हाळ्यात उलटं, मावळतच नाही, शेजारचे आजोबा रात्री अकराला गवत कापतायत आणि मी दीड वाजता पोह्यांसाठी कांदा चिरतेय, भूक लागली म्हणून नाही, बाहेर ऊन होतं म्हणून!

*

बाबा आयसीयूत होते तेव्हाचं. आत खिडकी नाही, ट्यूबलाइट चोवीस तास चालू. पहाटे तीनला पेपर मागायचे, आणि दुपारी मला म्हणायचे, जा आता, शेवटची बस चुकेल. सिस्टर म्हणाल्या आयसीयूत बऱ्याच जणांचं असं होतं, समोर मोठं घड्याळ लावा आणि दर वेळी वार-वेळ सांगत जा. लावलं. बाबांनी एकदा बघितलं नि म्हणाले, "बंद पडलंय ते."

*

वरचं वाचून आठवलं, मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच माणूस १९६२ मधे आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला होता. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्टच होता. धडधाकट तरुण माणूस, तरी ही गत, त्यामुळे तुमच्या बाबांचं अजिबात नवल नाही.

*

हिंजवडी, अमेरिकेची शिफ्ट. मार्चमधे तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि इकडे आमची शिफ्ट एक तास आधी सुरू होते, बिल्डिंगमधे बाकी कुणाला पत्ता नसतो. बायको विचारते जेवलास का, मी विचारतो, कुठलं?