एन्टरोकोकसवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालत नाही, तरी ते का देतात?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या हृदयाच्या झडपेला एन्टरोकोकस फिकॅलिस या जंतूचा संसर्ग झाला आहे. कल्चरच्या अहवालात अ‍ॅम्पिसिलिनपुढे ‘एस’ (औषध लागू पडते), तर जास्त मात्रेच्या जेंटामायसिनपुढे ‘आर’ (लागू पडत नाही) लिहिले आहे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केले आहे. या जंतूवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मुळातच चालत नाही, असे मी वाचले. मग ते कशासाठी?

उत्तर १
आपण वाचलेत ते खरे आहे; एकटे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन येथे निरुपयोगी ठरते. मात्र जंतूची भिंत बांधणारी प्रथिने अनेक असतात. अ‍ॅम्पिसिलिन प्रामुख्याने ४ आणि ५ क्रमांकांची अडवते, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ आणि ३ क्रमांकांची, आणि सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या की एरवी नुसती वाढ खुंटलेला जंतू मरू लागतो. झडपेवरच्या गाठीत रक्तवाहिन्या नसतात व पांढऱ्या पेशी आत फारशा पोहोचत नाहीत, म्हणून औषधानेच जंतू मारावे लागतात. पूर्वी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनऐवजी जेंटामायसिनची जोड देत; ते मूत्रपिंडाला इजा करू शकते. स्पेन आणि इटलीतील रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात दोन्ही जोड्यांचे मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखे आढळले, पण दुष्परिणामांमुळे उपचार थांबवावे लागले ते जेंटामायसिन घेणाऱ्या सुमारे २५ टक्के रुग्णांचे, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन घेणाऱ्या सुमारे १ टक्का रुग्णांचे. हा अभ्यास यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणारी) नव्हता, तरी मूत्रपिंडाच्या दृष्टीने मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

उत्तर २
मी वॉर्डात परिचारिका आहे. अ‍ॅम्पिसिलिन साधारणपणे दर चार तासांनी २ ग्रॅम द्यावे लागते, म्हणजे रात्री दोनचा डोसही आलाच. वडिलांना झोपेतून उठवावे लागले तरी तो चुकू देऊ नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या आजारात बारा तासांनी २ ग्रॅम असते. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते, म्हणून ते सलाईन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एकत्र मिसळत नाहीत, कारण त्याचा साका बनतो. सुईची जागा लाल किंवा सुजलेली दिसली, तर लगेच सांगा.

उत्तर ३
वरील स्पष्टीकरणाला एक पुस्ती जोडतो. दोन औषधे म्हणजे नेहमीच अधिक चांगले, असा अर्थ कृपया काढू नये. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस या वेगळ्या जंतूच्या रक्तसंसर्गात व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिनला बीटा-लॅक्टम गटाच्या (पेनिसिलिनच्या कुळातील) औषधाची जोड देऊन पाहिली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रक्तातील जंतू लवकर नाहीसे झाले, परंतु मूत्रपिंडाला इजा वाढल्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आपल्या वडिलांची जोडी त्यांच्या जंतूसाठी निवडलेली आहे.